पायाशी बसणारे काका

"आधी तू पड, मग मी बसतो."

कळंबोलीच्या लोखंड बाजारात ज्यांनी चार-सहा वर्षं गाड्या आणल्या, त्यांतल्या बहुतेकांनी हे वाक्य ऐकलेलं असणार. पड म्हणजे पाया पड. बोलणारे गृहस्थ बहात्तर वर्षांचे, किडकिडीत, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, बाजूला निळी बादली आणि खांद्यावर पंचा. ऐकणारा कोणी तिशी-चाळिशीतला ड्रायव्हर. तो बावचळून वाकायचा, म्हाताऱ्याच्या पायाला हात लावायचा, की लगेच ते म्हणायचे, "झालं? फिटंफाट! आता काढ बूट." आणि फतकल मारून त्याच्या पायाशी बसायचे.

मी त्यांना काका म्हणायचो. ते मला साहेब म्हणायचे. मी कसला साहेब! एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मॅनेजर, म्हणजे पत्र्याची शेड, एक टेबल, एक पंखा आणि दिवसभर ड्रायव्हर लोकांशी घसा फोडणं. माणूस मी तापटच. आमची ही म्हणते, सातारचं पाणी आणि कळंबोलीची धूळ, दोन्ही तुमच्या डोक्यात गेलंय. खोटं कशाला बोलू, काकांना मी पहिल्या दिवशी हाकललंच होतं.

झालं असं की, ते सकाळी सात वाजता बादली घेऊन शेडच्या दारात उभे. "सलाम साहेब. एक बादली पाणी मिळेल?"

"कशाला?"

"पाय धुवायला."

मी त्यांच्या पायांकडं बघितलं. पाय स्वच्छ होते. "तुमचे तर धुतलेले दिसतात."

"माझे नाही. ह्यांचे." आणि त्यांनी ओळीनं उभ्या असलेल्या ट्रककडं हात केला.

आता सकाळी सात वाजता असं कोणी बोललं तर माणूस काय समजणार? मी म्हटलं, काका, इथं पाणी टँकरनं येतं, पुढं बघा. ते "बरं साहेब, सलाम" म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी परत हजर. तिसऱ्या दिवशी परत. तोंडावर राग नाही, लाचारी नाही, रोज आपलं "सलाम साहेब, एक बादली पाणी मिळेल?" नवव्या की दहाव्या दिवशी मीच कंटाळलो. म्हटलं घ्या बाबा, भरा, पण माझं डोकं खाऊ नका. तेव्हापासून आमच्या शेडच्या भिंतीला टेकून त्यांचा संसार थाटला तो थाटलाच.

ते ख्रिस्ती. मूळ नगरकडचे. तिकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात पस्तीस-छत्तीस वर्षं ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, हेच आयुष्यभर केलेलं. रिटायर झाल्यावर बायको गेली. मुलगी नाशिकला, जावई भला माणूस, त्यांनी वरच्या मजल्यावर यांच्यासाठी खोली काढून ठेवलेली. हे नाताळाला चार दिवस म्हणून जायचे आणि तिसऱ्या दिवशी परत यायचे. एकदा मुलगी स्वतः न्यायला आली. माझ्या टेबलासमोर बसून रडली बिचारी. म्हणाली, "काका, तुम्ही तरी सांगा ना पप्पांना. या वयात कोण असं उन्हातान्हात बसतं? लोक काय म्हणत असतील मला!" मी सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाशिकला ट्रक कुठं थांबतात गं?" ती उठून गेली ती थेट गाडीत बसली.

एवढ्या अवयवांमधून पायच का, हे मी त्यांना विचारलं होतं. म्हणाले, "प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, साहेब. डोकी भादरली असती तर मी न्हावी झालो असतो."

मी हसलो. मग ते जरा गंभीर झाले. "दवाखान्यात असताना बघितलं ना मी. हात कापला की माणूस धावत येतो. पायाचं माणूस शेवटी सांगतो. त्यात हे ड्रायव्हर लोक. दिवस दिवस बूट काढत नाहीत. केबिनमध्ये इंजिनाची धग. त्यात शुगर असली की पाय बधिर होतो. तळव्याला भाजलं तरी कळत नाही. कळतं तेव्हा कापायचाच राहिलेला असतो. आपण काय, आधी बघायचं. एवढंच काम."

पण ते एवढंच काम करणं किती अवघड आहे हे त्यांना बादली घेऊन बसल्यावर कळलं. कोणी पाय देईना! आपल्याकडं वडीलधाऱ्यांच्या पायाला आपण हात लावायचा. म्हातारा माणूस आपल्या पायाला हात लावतोय म्हटल्यावर समोरचा विंचू चावल्यासारखा उडी मारून मागं सरायचा. "क्या चाचा, पाप चढाओगे क्या?" एक आमचा बीडकडचा ड्रायव्हर तर हात जोडून पळाला. "आवो नगं, माजी म्हातारी घरात घ्यायची न्हाई मला!" काकांनी समजावलं, दटावलं, मी ड्रेसर आहे म्हणून जुनं ओळखपत्र दाखवलं. काही उपयोग नाही. महिनाभर बादलीतलं पाणी संध्याकाळी तसंच झाडाला.

मग त्यांनी ही युक्ती काढली. तुला पाप लागतं ना? मग आधी तू माझ्या पाया पड, तुझं पुण्य जमा झालं, मग मी तुझा पाय धरतो, पाप वजा. फिटंफाट. ड्रायव्हर लोकांना हा हिशेब एकदम पटला. एक पडला, दोन पडले, आणि मग रांगच लागायला लागली.

काम करताना बघावं त्यांना. तोंडाकडं बघायचेच नाहीत. माणसाची ओळख पायावरून. "तो कुरूपवाला इंदोरचा आला नाही अजून?" "परवा तो फाटक्या टाचेचा होता ना, त्याला मलम संपलं असेल." चेहरा समोर येऊन उभा राहिला तर ओळखायचे नाहीत, बूट काढला की "अरे तू होय!" त्यांच्याकडं खराट्याची एक बारीक हिराची काडी असायची. ड्रायव्हरला डोळे मिटायला सांगायचे आणि तळव्याला काडीचं टोक लावत विचारायचे, "आता? आता? कुठं टोचतंय?" बाकीचे भोवती उभे राहून खिदळायचे. समोरचा "अंगठा, टाच, मधे" असं सांगत जायचा. पण कधी कधी काडी टेकलेली असायची आणि डोळे मिटलेला माणूस वाट बघत असायचा, की चाचा अजून लावत का नाहीत. तेव्हा भोवतीचं हसू आपोआप थांबायचं. काका त्याला चिठ्ठी लिहून सरकारी दवाखान्यात पाठवायचे, आणि पुढच्या खेपेला जाऊन आलास का म्हणून इतकं छळायचे, की माणूस झक मारत जायचा.

धुताना गायचे. आवाज भसाडा. त्यांच्या मंडळीतली भजनं, चाल अगदी आपल्या अभंगांची. मधेच ओळ तोडून "दुखतं?" विचारायचे आणि पुढची ओळ पकडायचे. तो बीडवाला एकदा डोळे मिटून टाळ्या वाजवायला लागला. मग येशूचं नाव आलं तसा त्यानं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं, "चाल तर आपलीच हाय की," म्हणाला आणि परत टाळ्या सुरू.

आता आपल्या लोकांची गंमत अशी की, एकदा का कोणाच्या पाया पडायला सुरुवात झाली की ते थांबत नाही. काही जण नुसतेच पडायला येऊ लागले. पाय दाखवायचा नाही, बूट काढायचा नाही, लांबची खेप असली की येऊन डोकं टेकवायचं आणि गाडीवर चढायचं. एकानं नारळ आणला. एकानं बादलीला अगरबत्ती लावली. काका भडकायचे. "मी काय देव आहे का रे? बूट काढ नाहीतर चालता हो!" पण ते ओरडले की ड्रायव्हरांना अजून खात्री पटायची, की बाबा पोचलेला आहे. नारळ मात्र ते परत करायचे नाहीत. खोलीवर नेऊन खोबऱ्याची चटणी वाटायचे आणि दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर आम्हा सगळ्यांना वाढायचे. "नैवेद्य नाही हां, चटणी आहे," असं बजावून.

आणि मग एक दिवस तो फोटो निघाला. काका स्टुलावर, गळ्यात कोणीतरी जबरदस्तीनं घातलेला झेंडूचा हार, एक ड्रायव्हर त्यांच्या पायावर लोटांगण घालतोय. खाली लिहिलेलं, "कळंबोलीके पाँववाले बाबा". व्हॉट्सॲपवर फिरत फिरत तो त्यांच्या मंडळीत पोचला.

मंडळी म्हणजे त्यांचं चर्च. कामोठ्याला दुकानांच्या वरच्या एका हॉलमध्ये रविवारी उपासना व्हायची. काकांचा त्यात जीव. शनिवारी संध्याकाळी जाऊन खुर्च्या पुसायचे, रविवारी गाणी तेच सुरू करायचे. पाळकसाहेब तरुण, चौतीस वर्षांचे, पण त्यांचं नाव निघालं तरी काका सावरून बसायचे. त्या पाळकसाहेबांनी आणि पंचांनी यांना बोलावून घेतलं. माणसानं माणसापुढं लोटांगण घालावं आणि आपल्यातल्या एकानं ते घालून घ्यावं, हे आमच्या धर्मात बसत नाही, म्हणाले. हे बंद करा, आणि सध्या गाणी दुसरं कोणी सांगेल, तुम्ही मागं बसा.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला हे सगळं सांगितलं. माझं डोकंच फिरलं. "काय माणसं आहेत! अहो, तुम्ही घाण पाय धुताय आणि ते तुम्हाला धर्म शिकवतात? तुमच्या देवाला एवढं कळत नाही?"

"देवाला कळतं, साहेब. मंडळीला वेळ लागतो." मग म्हणाले, "आणि पाळकसाहेब चुकीचं नाही बोलले. मलाही ते आवडत नव्हतंच. मी सोपा रस्ता काढला होता. मी शब्द दिलाय, आता कोणाला पाया पडू देणार नाही."

"मग तुम्हाला पाय कोण देणार?"

आणि तसंच झालं. पडायचं बंद म्हटल्यावर द्यायचंही बंद. ड्रायव्हर लांबून हात जोडायचे आणि निघून जायचे. काका सकाळी सातला बादली भरून बसायचे आणि बाराला ओतून द्यायचे. पंधरा दिवस हे मी बघितलं. गाणंही बंद. तो माणूस तेवढ्या दिवसांत वाळून गेला. मी सरळ सांगितलं, काका, तुमच्या पाळकाला इथं काय दिसतंय? पडू द्या गपचूप. ते म्हणाले, "पाळकाला नसेल दिसत."

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय काका पुरे होत नाहीत.

मला शुगर आहे. दहा वर्षं झाली. काका भिंतीपलीकडं दुनियेचे पाय तपासत होते, आणि चार वर्षांत मी त्यांना माझा पाय एकदाही दाखवला नव्हता. ते विचारायचे. मी म्हणायचो, "माझे पाय ठणठणीत आहेत, तुम्ही तुमच्या गिऱ्हाइकांचं बघा." खरं कारण सांगायची लाज वाटते. माझ्या वडलांचा पाय शुगरनंच गेला. सातारला गुडघ्याखालून कापला. त्यानंतर नऊ वर्षं तो माणूस ओसरीवर बसून होता. मळ्यापर्यंत एकटा गेला नाही. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. पायाकडं कोणी बघितलं की कापतात, असं माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. म्हणून कोणी बघूच नये.

यार्डात पत्र्याची कपची पडलेली असते, कुठंही. ती बुटाच्या तळातून माझ्या उजव्या पायात घुसली आणि मला पत्ता नाही. दिवसभर तसाच फिरलो. घरी मोजा काढला तेव्हा ही ओरडली, फरशीवर रक्ताचे ठसे होते. मी हळद भरली, फडकं बांधलं, हिला दम दिला, कोणाला सांगायचं नाही. आठ दिवसांत करंगळीखाली काळं पडलं. तरी मी रोज बूट घालून कामावर जात होतो. पाय गेला की यार्ड गेलं, नोकरी गेली, पोरीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष गेलं, आणि मी आमच्या कामोठ्याच्या घराच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसलो, हे मला डोळ्यांपुढं दिसत होतं.

काका एक दिवस शेडमध्ये आले. दोन ड्रायव्हर आणि आमचा हमाल समोर होते. ते माझ्या टेबलाजवळ थांबले, नाक वर केलं, आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या पायाला वास येतोय. बूट काढा."

सगळ्यांसमोर. माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. आणि मी जे बोललो ते आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. मी म्हटलं, "मंडळीनं मागच्या बाकावर बसवलं म्हणून आता माझ्या पायाशी आलात काय? कोणी पाय देत नाही म्हणून माझा पाहिजे? उद्यापासून इथं दिसायचं नाही. बादली उचला."

काका "सलाम साहेब," म्हणाले आणि बादली घेऊन गेले.

त्यानंतर तीन दिवसांनी मला ताप भरला. रविवार होता. दुपारी दारावरची बेल वाजली. ही आत आली. "अहो, ते कळंबोलीचे काका आलेत. बरोबर कोणीतरी आहेत."

"मला बरं नाही म्हणून सांग."

"तुम्हीच सांगा. ते आत आले."

खरंच आले होते. हमालाकडून पत्ता काढला, आणि उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना म्हणाले, मला तुमच्या स्कूटरवरून एका ठिकाणी सोडा. पाळकसाहेब इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात दारातच उभे. काका सरळ माझ्या पलंगाच्या पायथ्याशी आले. मी पाय पोटाशी ओढले.

"काका, नको. तुम्ही बहात्तरचे, मी छप्पन्नचा. मला पाप लावू नका."

सबब होती ती. पण नुसती सबबही नव्हती. माझ्या आईनं मला तसंच वाढवलंय. मनात आलं, की यांना मी परवा हाकललं आणि आज यांनी माझ्या सडक्या पायाला हात लावायचा? मला ते सहनच होईना.

काका सवयीनं बोलून गेले, "मग आधी तुम्ही..." आणि थांबले. दारात पाळकसाहेब होते. काकांनी त्यांच्याकडं बघितलं. बहात्तर वर्षांचा माणूस, शाळेत उभा केल्यासारखा. म्हणाले, "पाळकसाहेब, मी तुम्हाला शब्द दिलाय. मोडणार नाही. पण ह्यांचा पाय चाललाय. मी काय करू ते तुम्ही सांगा."

ही पदर तोंडाला लावून उभी. खोलीत तो वास. पाळकसाहेब माझ्या फडक्याकडं बघत होते. मग त्यांनी मला विचारलं, "काका, मी चौतीस वर्षांचा आहे. तुमच्यापेक्षा लहान. मी पायाला हात लावला तर चालेल ना तुम्हाला?"

मी काय बोलणार? लहान माणसानं पाय धरला तर त्यात कसलं पाप. माझ्याकडची सगळी कारणं संपली. मी पाय सोडला.

पाळकसाहेब इस्त्रीच्या शर्टासकट खाली बसले. काका त्यांच्या मागं उभे, दोन्ही हात पाठीशी धरून, नुसतं सांगायचं काम. "पाणी कोमट. कोपर बुडवून बघा. फडकं ओढू नका, भिजवा. आता हळू सोडवा." फडकं सुटलं तसे पाळकसाहेब पांढरे पडले. उठून खिडकीशी गेले. मला वाटलं, संपलं. पण दोन मिनिटांनी येऊन परत बसले. काकांनी खिशातून काडी काढून त्यांच्या हातात दिली आणि मला म्हणाले, "साहेब, डोळे मिटा. टोचलं की सांगा."

मी डोळे मिटले. वाट बघितली. "अहो, लावा ना," मी म्हटलं.

मी परत म्हटलं, "टोचा तरी!"

डोळे उघडले तर ही रडत होती आणि पाळकसाहेबांच्या हातातली काडी माझ्या तळव्याला टेकलेली होती. "पाच ठिकाणी लावली," ते हळूच म्हणाले.

मी रडलो. छप्पन्नाव्या वर्षी, परक्या माणसासमोर, पोरासारखा. काका तेवढ्यात म्हणाले, "रडा नंतर. रिक्षा बोलवा, पनवेलला न्यायचंय."

करंगळी गेली. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, अजून चार-पाच दिवस घरी बसला असतात तर मी हे बोट नसतं कापलं, घोटा कापला असता. तीन आठवडे दवाखान्यात होतो. काका रोज यायचे, दाराशी "सलाम साहेब" म्हणायचे. मी परवाच्या बोलण्याची माफी मागायला तोंड उघडलं की म्हणायचे, "पट्टी कोरडी आहे ना?" पाच वेळा प्रयत्न केला, पाचही वेळा पट्टी कोरडी आहे ना. शेवटी मी ओरडून म्हटलं, "काका, मी चुकलो!" शेजारच्या खाटेवरचा पेशंट दचकून उठला. काका म्हणाले, "बरं. पट्टी कोरडी आहे ना?"

दीड महिन्यानं यार्डात गेलो तेव्हा शेडच्या भिंतीशी वेगळाच कारभार. पाळकसाहेब विजार दुमडून खाली बसलेले, बाजूला मंडळीतली दोन कॉलेजची मुलं. माझ्या घरी आले त्याच्या पुढच्या रविवारी उपासनेत त्यांनी सगळं सांगितलं होतं म्हणे, स्वतः खिडकीशी गेलो होतो ते सुद्धा. काकांना पुन्हा गाणी सांगायला पुढं बोलावलं. आणि युक्ती माझ्या खोलीत सापडलेलीच. आता ड्रायव्हर आला की पहिला प्रश्न पायाचा नाही, वयाचा. चौतिसाच्या वरचे पाळकसाहेबांकडं, खालचे मुलांकडं. लहान माणूस पाय धरतोय म्हटल्यावर कोणाची हरकत नव्हती. उलट ड्रायव्हर खुशीत आशीर्वाद देत होते. पाळकसाहेबांना "खूब पढो" म्हणणारा एक भेटलाच. पडणं नाही, हार नाही, अगरबत्ती नाही.

काका स्टुलावर. शिकवत होते. "टाच आधी नाही, बोटांच्या मधे आधी. पुसून कोरडं करा, तिथंच बुरशी धरते." काम पूर्वीच्या दुप्पट होत होतं. मी म्हटलं, "काका, मजा आहे तुमची. आता नुसते हुकूम सोडायचे." ते हसले. पण मग माझं लक्ष त्यांच्या हातांकडं गेलं. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून ठेवले होते. मुलगा चुकला की खांदा हलायचा आणि हात निघायला बघायचा, ते परत दाबायचे. चाळीस वर्षं जे हात दुसऱ्याच्या जखमेत होते ते काम चालू राहावं म्हणून त्यांनी बाजूला काढून ठेवले होते. नाशिकची खोली सोडणं त्यांना कधी जड गेलेलं मी बघितलं नाही. हे जड जात होतं. मला फार वाईट वाटलं.

असे दोन-तीन महिने गेले असतील. एका सकाळी उत्तरेकडची एक गाडी लागली. ड्रायव्हर उतरला, आणि त्यानं दुसऱ्या बाजूनं आपल्या बापाला हाताला धरून उतरवलं. मुंबईला डोळे दाखवायला आणलं होतं म्हातारबांना. ह्या सगळ्यांना पाय धुताना बघून म्हातारबा काठी टेकत आले आणि बाकड्यावर बसले. टाचा फुटून काळ्या पडलेल्या.

पाळकसाहेब नेहमीप्रमाणं म्हणाले, "बाबा, उमर कितनी?"

"अस्सी में दो कम."

काका स्टुलावरून ताडकन उठले. मी त्यांना इतक्या झटक्यानं उठताना कधी बघितलं नव्हतं. "क्या बोले? अठहत्तर? पक्का?"

"पक्का नहीं तो क्या," म्हातारबा चिडले. "मेरा छोटा भाई चौहत्तर का है."

"सरका," काका म्हणाले. पाळकसाहेबांना कळेना. "सरका हो पाळकसाहेब, सरका! हे माझ्यापेक्षा मोठे आहेत. हे माझे!"

पाळकसाहेब उठले. काका त्यांच्या जागी बसले, गुडघे कडकड वाजले, त्यांनी म्हातारबांचा पाय दोन्ही हातांत उचलून मांडीवर घेतला आणि थोडा वेळ नुसताच धरून ठेवला. मुलं बघत होती, मीही बघत होतो. मग त्यांनी पाणी घेतलं, बोटांच्या मधे आधी, आणि तो भसाडा आवाज लागला. पाणावलेले डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून त्यांनी बाहीला गाल घासला.

म्हातारबांना दिसत कमी होतं. पायाशी कोण बसलंय ते त्यांना कळलंच नसावं. त्यांनी चाचपडत हात पुढं केला, काकांच्या पांढऱ्या केसांवर ठेवला आणि म्हणाले, "जीते रहो, बेटा."

"हां बाबूजी," काका म्हणाले. "दुखता है?"